चाळीस कंबरेची चड्डी

मे महिन्यात आमच्या कारखान्यात कुणी फारसं हसत नाही. कारखाना म्हणजे तरी काय, अक्कलकोट रोडच्या बाजूला पत्र्याची शेड, बावीस मशिनं, कटिंगचं एक लांब टेबल, दोन ओव्हरलॉक, काजबटणाचा कोपरा आणि वर पंखे. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात ते पंखे फक्त गरम हवा इकडची तिकडं करतात. पंधरा जूनला शाळा उघडतात, त्याच्या आठ दिवस आधी माल दुकानांत पोचलाच पाहिजे. सोलापूरचे गणवेश महाराष्ट्रभर जातात, कर्नाटक-तेलंगणातही जातात, त्यामुळे ‘ताई, तेवढा अठ्ठावीस नंबरचा लॉट’ म्हणणारा फोन दर तासाला वाजतो. अशात २०२४च्या मे महिन्यातल्या एका रविवारी माझा धाकटा भाऊ कटिंग टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, एक शाळेचा ड्रेस शिवायचाय.”

“पोराला? तिकडं गणवेश असतो का?”

“पोराला नाही. मला.”

मास्तरांची कात्री थांबली. आमचे मास्तर तीस वर्षांपासून कटिंगला आहेत. कात्री थांबवून ते माणसाकडं बघतात ते फक्त पगाराच्या दिवशी.

भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा आहे. म्युनिकला गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कसलं तरी मोठं काम करतो. डोक्यावर मधोमध पौर्णिमा झालेली. चुलतबहिणीच्या लग्नाला म्हणून दहा दिवस आला होता. नऊ जूनला म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये एसी/डीसी या रॉक बँडचा कार्यक्रम होता. तिकीट मिळालं होतं, आणि तिथं त्याला त्यांच्या गिटारवाल्या अँगस यंगसारखं जायचं होतं. कोट, टाय, टोपी, गुडघ्याच्या वर चड्डी.

“तिकडं तयार मिळत नाही का?”

“मिळतो की. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. एकदा घातला की शिवण उसवते.” मग जरा थांबून, “आणि ताई, गणवेशवाल्याच्या घरातला माणूस विकतचा गणवेश घालून जाणार?”

हा मात्र माझी नस ओळखून केलेला वार होता.

या बँडचं आणि माझं नातं फार प्रेमाचं नाही, ते आधीच सांगते. सत्त्याण्णव साली हा इंजिनिअरिंगला असताना नव्या पेठेतून एक कॅसेट घेऊन आला. तिचं कव्हर सगळंच काळं, नाव बघायचं तर उजेडात तिरकं धरावं लागे. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, “छापायला विसरले का रे? रिकामी कॅसेट कशाला आणलीस?” ते कव्हर मुद्दाम काळं होतं, हे मला खूप नंतर कळलं. या बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. त्याच वर्षी जुलैत नवा गायक ब्रायन जॉन्सन घेऊन त्यांनी ही कॅसेट काढली, आणि कव्हर सुतकाचं ठेवलं. आत मात्र सुतक कुठंच नाही. पहिल्या गाण्यात घंटा वाजते तेवढीच काय ती गंभीर, पुढं नुसता दणका. मी तेव्हा शेजारच्या खोलीत बसून फ्रॉकला कॉलर लावत असे. एक कबूल करते, त्या ठेक्यावर मशीनचा पायटा चांगला चालायचा.

तर अँगस यंग. १९५५ साली ग्लासगोला जन्मला, १९६३ मध्ये सगळं कुटुंब ऑस्ट्रेलियात सिडनीला गेलं. आठ भावंडांतला हा शेंडेफळ. त्याच्या वर माल्कम, आणि या दोघांनी १९७३ मध्ये बँड काढला. आठांत बहीण एकच, मार्गारेट. अँगस शाळेतून आला की गणवेश न बदलताच गिटार घेऊन बसायचा. ते तिच्या डोळ्यांत राहिलं होतं. पुढं स्टेजवर काय घालावं याचा घोळ सुरू झाला, म्हणजे माकड होऊन बघितलं, झोरो होऊन बघितलं, सुपरमॅनसारखं काहीतरी करून बघितलं (आमच्या स्नेहसंमेलनात तिसरीची पोरं हेच करतात), तेव्हा मार्गारेट म्हणाली, तुझा शाळेचा ड्रेसच घाल की. ते साल १९७४. शाळा त्यानं त्याआधीच सोडली होती. तेव्हापासून हा माणूस स्टेजवर शाळेतच आहे. सुरुवातीला तर वयही चार वर्षं कमी सांगत, पोर वाटावा म्हणून.

आणि बँडचं नाव? तेही मार्गारेटनंच काढलं. शिलाई मशीनवर ‘एसी/डीसी’ लिहिलेलं तिला दिसलं होतं.

भावानं हे सांगितल्यावर मी उठून घरच्या जुन्या मशीनपाशी गेले. ते अण्णांचं पहिलं मशीन. पायट्याचं होतं, पुढं त्याला बाजूला छोटी मोटर बसवली. ती मोटर कार्बन ब्रशवाली, दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी, म्हणून तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. तीस वर्षं मी त्या मोटरच्या पट्टीवरून धूळ पुसतेय. वाचली कधीच नव्हती. ओढणीच्या टोकानं तेल पुसलं, तर खाली व्होल्टचा आकडा आणि त्याच्या शेजारी तीच चार अक्षरं, मधे तिरपी रेघ.

ही मार्गारेट मला त्या क्षणी आवडली. ड्रेस तिचा, नाव तिचं, आणि दोन्हींचा उगम शिलाई मशीन आणि घरी आलेल्या धाकट्याच्या मळक्या कपड्यांत. कव्हरवर कुठं तिचा फोटो नाही. आमच्या शेडवर जो बोर्ड आहे त्यावर अण्णांच्या नावापुढं ‘अँड सन’ असं अजून आहे. सन म्युनिकला असतो. बोर्ड बदलायला पेंटर दर दिवाळीत विचारतो आणि मी दर दिवाळीत म्हणते, पुढच्या वर्षी बघू. एक तर पेंटरचा दर वाढलाय, आणि दुसरं, बोर्डावर माझं नाव आलं तर गिऱ्हाईक पहिल्या दिवशी अण्णांना शोधायला आत येणार नाही. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी वर्षातून दोघं-तिघं येतात. मग त्यांना चहा पाजावा लागतो.

माप घ्यायला म्हणून मी कपाटातनं जुनी वही काढली. अण्णा घरच्या मुलांची मापंही गिऱ्हाइकांच्या वहीतच लिहायचे, त्यात लाड नव्हता. भावाच्या नावापुढं दर जूनचा एक आकडा. छाती चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. चड्डीची उंची दहा, अकरा, बारा. आठवीच्या ओळीत चड्डी खोडून फुलपँट केलेली, शेजारी अण्णांच्या अक्षरात ‘हट्ट’ एवढाच शब्द. दहावीनंतर ओळ बंद. मी त्याच पानावर खाली लिहिलं : छाती ४२, पोट ४३, कंबर ४०, तीरा (खांदा) १८, बाही २४, चड्डी उंची १७. मास्तरांनी पान बघितलं आणि म्हणाले, “अठ्ठावीसनंतर एकदम बेचाळीस. मधलं माप कुणी घेतलंच नाही की.”

ऑर्डरच्या फॉर्मवर शाळा, इयत्ता, रंग असे रकाने असतात. मास्तरांनी इयत्तेपुढं रेघ मारली आणि शाळेच्या रकान्यात सरळ चेहऱ्यानं ‘एसी डीसी हायस्कूल’ लिहिलं.

घरी आईला हे कळलं ते जेवताना. आईनं भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला.

“चव्वेचाळीस वर्षांचा घोडा चड्डी घालून हजारो लोकांत जाणार. लोक काय म्हणतील?”

“लोकही तसेच येणार आहेत,” भाऊ म्हणाला.

“मग तर झालंच.”

मी मधे पडले. म्हटलं, आई, अण्णा साठीला आले तरी गड्ड्याला बाराबंदी घालूनच निघायचे की नाही? तेव्हा कुणी काही म्हणायचं?

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगते. जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, सिद्धेश्वराची यात्रा असते, तिलाच आम्ही गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तिसऱ्या दिवशी होम. त्या दिवसांत रस्त्यावर बघावं तर पांढराशुभ्र समुद्र. एरवी जीन्समध्ये फिरणारा मेडिकलवाला, बँकेतला कॅशियर, कॉलेजचं पोरगं, सगळे बाराबंदीत. अंगरख्याला बटण नाही, बंद बांधायचे. अण्णा डिसेंबरात गणवेश बाजूला ठेवून बाराबंद्या शिवत. बंद कापडातूनच काढायचे, विकतची नाडी लावायची नाही, हा त्यांचा नियम. शिवून झाली की एकेक बंद ओढून बघायचे. नंदीध्वज पेलताना अंगावर कसला ताण येतो ते त्यांना ठाऊक होतं. कधी पेलला नव्हता, पण चालत बरोबर असायचे. त्या दिवशी ते आमचे अण्णा नसायचेच, त्या गर्दीतला एक पांढरा ठिपका असायचे, आणि त्यातच खूश असायचे.

“ते देवाचं आहे,” आई म्हणाली.

भाऊ काही बोलला नाही. आमटी ओरपत राहिला. थोड्या वेळानं आईच म्हणाली, “तिकडं जूनमधेही गार असतं म्हणतोस. गुडघे उघडे राहतील. मोजे तरी लांब घे.”

म्हणजे परवानगी मिळाली.

आता कापड. स्टेजवरचे अँगसचे कोट मखमलीचे असतात. मखमल आणि आम्ही यांचा संबंध शून्य. आमचं आयुष्य टेरिकॉटमध्ये गेलं, जे ओढलं तरी हलत नाही, धुतलं तरी बदलत नाही आणि दोन वर्षांनी धाकट्या भावाला होतं. चाटी गल्लीत दुकानदारानं गडद लाल मखमलीचा ठाण उलगडला आणि विचारलं, “नवरदेवाचा कोट का ताई?” मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता.

मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर ती झोपते, कापड उजळ दिसतं. खालून वर फिरवला तर उठते, रंग गडद होतो. म्हणून सगळे भाग एकाच दिशेनं कापायचे. टेरिकॉटवर जसं उलटसुलट बसवून कापड वाचवतो तसं इथं चालत नाही, अर्धा मीटर जास्तच लागतं. आमचे मास्तर एका वेळी साठ-साठ थर लावून मशीननं कापणारे, त्यांना एकच कोट हाती कात्रीनं कापायला दिला म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याला एका माणसाचा चहा टाकायला सांगण्यासारखं. त्यांनी खडूनं आखलं, पुसलं, परत आखलं. “सवय गेली ताई,” म्हणाले. आणि डावी बाही उलटी कापली गेली.

ते लक्षात आलं कोट उभा राहिल्यावर. खिडकीच्या उजेडात धरला तर डावी बाही अर्ध्या छटेनं गडद. मास्तर घामाघूम. दुसरी बाही कापायला चिंधीही शिल्लक नव्हती, आणि बाहेर दुपारचे दोन वाजले होते. भाऊ म्हणाला, असू दे, तिकडं कोण बघणार. आमच्या धंद्यात या वाक्याइतकं घाण वाक्य नाही. तरी मी असू दिलं. मे महिना होता, टेबलावर बाराशे शर्ट वाट बघत होते.

शिवताना मखमल सरकते. मशीनच्या पायाखाली एक थर पुढं जातो, एक मागं राहतो. त्यामुळं आधी हातानं कच्चे टाके, तेही तिरपे, मग मशीन सावकाश. आणि इस्त्री वरून फिरवायची नाही, लव चेपते ती परत उठत नाही. कापड उलटं करून, खाली काहीतरी लवदारच पसरून, वरून नुसती वाफ द्यायची. लवदार म्हणजे काय घ्यावं? इथं मात्र मला शोधावं लागलं नाही. सोलापुरात टर्किश टॉवेलला काय तोटा. चांगला जाड, नवा, न धुतलेला टॉवेल टेबलावर अंथरला, त्याचे फंदे वर, त्यावर मखमलीचं तोंड खाली. वाफ दिली आणि उचलला, तर कॉलर अशी ताठ आणि लव जिथल्या तिथं उभी. मास्तर, काजबटणवाल्या अक्का, दोन पोरी, सगळे कामं टाकून बघायला आले. त्या दिवशी मे महिन्यात आमच्याकडं हसणं झालं.

टोपीवर इंग्रजी ‘ए’ हवा होता, कोटाच्या खिशावर वीज. बँडच्या नावात मधे जी वीज आहे ना, ती. ती अक्षरं १९७७ मध्ये जेरार्ड हुएर्टा या अमेरिकन माणसानं काढली, जुन्या छापील बायबलच्या वळणावरून. आमचे बिल्ले ज्यांच्याकडं भरतकामाला जातात त्यांच्या कॉम्प्युटरात समई, उघडं पुस्तक, उगवता सूर्य आणि कमळ एवढी चार चित्रं फिरून फिरून असतात. सोलापूरच्या नव्हे, बहुतेक जगाच्या शाळा त्यातच भागतात. नुसती वीज बघून त्यांनी फोन केला, “ताई, ही एमएसईबीची शाळा आहे का?”

काजबटण अक्कांनी केलं. अक्का पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, रागावल्या की दोन्ही. नगावर काम करतात. एका दिवसात किती बटणं लावतात ते मी मोजत नाही, त्याही सांगत नाहीत. मखमलीच्या कोटाला त्यांनी मशीन लावलं नाही, हातानं लावली, बटणाखाली दोऱ्याची मान ठेवून, वर गुंडाळून. “हे नगात धरायचं का?” मी विचारलं. “धाकट्याचं आहे की,” म्हणाल्या. त्यांनी त्याला शाळेच्या खऱ्या चड्डीत पाहिलाय.

मापाला घालून बघायची वेळ आली तेव्हा पोरींना बाहेर पाठवावं असं त्याला वाटत होतं, पण शेडमध्ये बाहेर असं काही नाही. तो आला. लाल कोट, पांढरा शर्ट, पट्ट्याचा टाय (तो आमच्या स्टॉकमधला, इंग्रजी माध्यमाच्या कुठल्यातरी शाळेचा), टोपी, खाली चाळीस कंबरेची चड्डी आणि केसाळ गुडघे. सगळे गप्प. मी गेली तीस वर्षं गणवेश शिवते. गणवेशाचं काम एकच, शंभर पोरांत कुणी वेगळं दिसू नये. डॉक्टरचं पोरगं आणि विडी कामगाराचं पोरगं एका रांगेत उभं राहिलं तर कापडावरून कळू नये, हे अण्णांचं आवडतं वाक्य. आणि हा माझ्यासमोर असा उभा, की अख्ख्या सोलापुरात याच्यासारखा दुसरा नसेल. तरी त्यानं टाय सरळ केला ना, तो हनुवटी वर करून, डोळे पंख्याकडं. पहिल्या दिवशी शाळेत जाताना अण्णांपुढं उभा राहायचा तसा.

“जरा सैल ठेवायला हवी होती,” मी म्हटलं, चड्डीबद्दल.

“अँगस शेवटी काढतोच गं सगळं. कोट, टाय, शर्ट.”

“तू काढू नकोस,” अक्का म्हणाल्या.

तो सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेला. कोट घडी घालायचा नाही म्हणून हँगरसकट, वर जुनी पांढरी ओढणी गुंडाळून, हातात धरून. रात्रभर वरच्या बर्थच्या साखळीला लटकवला होता म्हणे, समोरच्या काकांनी विचारलं, लग्न कुणाचं?

नऊ जूनला रविवार असूनही कारखाना चालू होता. मृग निघाला होता, दुपारी एक सर येऊन गेली होती आणि शेडच्या पत्र्याखाली वाफ कोंडली होती. न्यूयॉर्कला भारत-पाकिस्तान मॅच, पोरांनी मोबाइल धाग्याच्या कोनाला टेकवून ठेवलेला. आपले पटापट बाद होत होते, एकशे एकोणीसमध्ये सगळे गुंडाळले गेले, त्यामुळं मशिनांचा आवाजही जरा उदास. तेवढ्यात फोटो आला.

मागं ते स्टेडियम. १९७२च्या ऑलिम्पिकचं, वर काचेसारखं पारदर्शक छप्पर तंबूसारखं ताणलेलं. मी त्याकडं शिवणाऱ्याच्या डोळ्यानं बघितलं, कुठं झोळ पडलाय का. पुढं गर्दी. लाल दिव्यांची शिंगं डोक्यावर लावलेली माणसं, माझ्या वयाच्या बायका, साठीचे आजोबा, खांद्यावर पोरं. आणि मधे आमचा, टोपी तिरकी, शेजारी आणखी चौघं गणवेशातले, कुठल्या कुठल्या देशांतले. त्यांच्या अंगावरचे प्लॅस्टिकच्या पिशवीतले ड्रेस, खांदे उतरलेले, कॉलर मेलेली. आमचा कोट ताठ. मी फोटो मोठा केला. डावी बाही गडद. हजारोंच्या गर्दीत, संध्याकाळच्या उजेडात, मला तीच दिसली, अजूनही फोटो उघडला की आधी तीच दिसते.

त्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. घसा बसलेला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस चड्डीत कसा पळतो, ते सांगत होता. शेवटी तोफा उडतात, ते सांगत होता. माल्कम २०१७ मध्ये गेला, त्याच्या जागी आता पुतण्या स्टीव्ही वाजवतो, आणि डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही, तेही. मी पट्ट्याच्या लॉटची बिलं करत हं हं म्हणत होते.

“आणि ताई, एक जर्मन बाई मागं लागली होती, कोट कुठून घेतला म्हणून. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं शिवलाय.”

“बरं.”

“आणि एक... मधलं बटण गेलं. उड्या मारताना. शोधलं, पण मिळेना.”

फोन स्पीकरवर होता. अक्कांचा हात थांबला.

“माझं बटण?” त्या उठून टेबलापाशी आल्या. “माझं बटण तुटत नाही. कापड फाटेल, बटण नाही. त्यानं खेचलं असणार. विचारा त्याला, खेचलं की नाही?”

पलीकडं क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, “शेवटच्या गाण्याला... कोट काढायला गेलो अक्का.”

“बघा,” अक्का म्हणाल्या, आणि परत जागेवर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं सुईत दोरा ओवता ओवता, कुणाकडं न बघता, “जानेवारीत येताना घेऊन ये म्हणावं. लावून देते. गड्ड्याच्या आत.”